वाडीतला गोळा दारूगोळा कधी होतो?

अमरावती रस्त्याने नागपूर सोडताना वाडी लागते. इथल्या लोकांच्या तोंडी असलेलं ‘डिफेन्स’ म्हणजे अंबाझरीची आयुध निर्माणी, साठच्या दशकातली ऑर्डनन्स फॅक्टरी. या इंग्रजी नावात एक ‘आय’ जास्त पडला, तर ‘ऑर्डिनन्स’ होतं, म्हणजे सरकारी अध्यादेश! दोन्ही शब्द एकाच मुळाचे. वाटा मात्र पार वेगळ्या झाल्या.

ऑर्डनन्सचा मूळ रोख तोफांवर. आज त्याचा पसारा मोठा आहे. आपल्या लष्कराचं ऑर्डनन्स दल तोफांचं साहित्य पुरवतं, तसे जवानांचे कपडेही पुरवतं. शिधा आणि इंधन मात्र सर्व्हिस कोअरकडे.

आता तोफेचा एक गोळा घ्या. अंबाझरीत घडतं ते त्याचं पोलादी, पोकळ कवच. इंग्रजीत ते ‘शेल’. जुन्या तोफांचा भरीव गोळा तो ‘शॉट’. आपण दोघांनाही गोळाच म्हणतो. पण हे रिकामं कवच अजून ‘अ‍ॅम्युनिशन’ नाही. त्यात स्फोटक भरण्यासारखी कामं भद्रावतीजवळच्या चांदा निर्माणीत चालतात. गोळा पुढे ढकलणारी दारू, म्हणजे प्रोपेलंट, भंडाऱ्याच्या निर्माणीत बनते. आणि तयार दारूगोळ्याचं लष्कराचं मोठं कोठार आहे वर्धा जिल्ह्यात, पुलगावला. विदर्भातल्याच चार ठिकाणी ही सारी साखळी उभी आहे!

१५५ मिलिमीटर तोफेचा भरलेला गोळा सुमारे ४३ किलोचा. तो डागायला गोळा, त्याच्या नाकावरचा फ्यूज, प्रोपेलंट आणि ठिणगी देणारा प्रायमर असे चार भाग लागतात. या सगळ्यांचा मिळून होतो एक ‘राउंड’. हा फ्यूज म्हणजे गोळा कधी फुटायचा ते ठरवणारी यंत्रणा. लष्करी इंग्रजी त्याला ‘झेड’ लावून लिहितं, म्हणजे जळत्या वातीच्या ‘एस’वाल्या फ्यूजशी गल्लत नको.

या शब्दांना सरकारी कागदावरही वजन आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या आयुध निर्माण्या सात कंपन्यांत विभागल्या गेल्या. स्फोटकं आणि दारूगोळ्याचं काम करणाऱ्या चांदा आणि भंडारा ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेल्या, धातूचे भाग घडवणारी अंबाझरी ‘यंत्र इंडिया’कडे, आणि त्या कंपनीचं मुख्यालयही इथेच. तोफा-बंदुका बनवणाऱ्या निर्माण्यांची कंपनी तिसरीच, कानपूरची. म्हणजे डागणारं ते ‘वेपन’, डागलं जाणारं ते ‘अ‍ॅम्युनिशन’. बॉम्ब, सुरुंग, रॉकेटं अशा सगळ्यांना पोटात घेणारं ते ‘म्युनिशन्स’. हातात धरून चालवायची शस्त्रं ‘स्मॉल आर्म्स’, तर जहाजावर, विमानावर किंवा रणगाड्यावर बसवलेली ‘आर्मामेंट’.

‘शस्त्रसाठा जप्त’ असा मथळा दिसला, की खालची यादी नीट वाचा. पिस्तूल असेल तर ते शस्त्र. नुसती काडतुसं असतील तर तो दारूगोळा, आणि मथळा चुकलेला.