ओरखड्यांची वर्तुळे

काळ्या किंवा गडद निळ्या रंगाची मोटार सावलीत उभी असते, तेव्हा तिचे अंग आरशासारखे स्वच्छ दिसते. तीच मोटार उन्हात आणली की टपावर सूर्याचे प्रतिबिंब उमटते, आणि त्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी असंख्य बारीक वर्तुळे दिसू लागतात. मालक हळहळतो, बाजारातून मेणाची डबी आणतो व घाम गाळून मोटार पुसतो. वर्तुळे नाहीशी होतात; परंतु काही आठवड्यांनी, दोनचार धुण्यांनंतर, ती पूर्ववत् दिसू लागतात. ही वर्तुळे येतात कोठून, मेणाने ती खरोखर जातात काय, आणि ती कायमची घालवावयाची तर त्याचे मोल कोणत्या रूपाने द्यावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वर्तुळ आहे तरी कोठे?

प्रथम एक साधा प्रयोग करावा. वर्तुळांकडे पाहत दोन पावले डावीकडे सरकावे. सूर्याचे प्रतिबिंब सरकते आणि त्याबरोबर वर्तुळांचा मध्यही सरकतो. ही वर्तुळे पृष्ठभागावर कोरलेली असती, तर ती जागच्या जागी राहिली असती. यावरून असे अनुमान निघते की, पृष्ठभागावरील ओरखडे वास्तविक सर्व दिशांना गेलेले आहेत. त्यांतून वर्तुळ घडविते ते प्रकाशाचे परावर्तन.

सपाट पृष्ठभाग सूर्यकिरण एकाच दिशेने परत पाठवितो. ओरखडा म्हणजे एक सूक्ष्म चर होय. त्याच्या उतरत्या भिंती प्रकाश चराच्या लांबीशी आडव्या दिशेने फेकतात. म्हणून प्रतिबिंबाच्या भोवतालच्या ज्या ओरखड्यांची लांबी प्रतिबिंबाकडे जाणाऱ्या रेषेला आडवी असेल, तेवढ्यांचाच प्रकाश पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत येतो. बाकीचे ओरखडे असूनही अंधारात राहतात. चहूबाजूंचे असे आडवे तुकडे एकत्र दिसले की त्यांची वर्तुळे भासतात. वापरून जुनी झालेली स्टीलची थाळी एकाच दिव्याखाली धरली असता, अथवा पावसात भिजलेल्या झाडाच्या फांद्यांमधून रस्त्यावरचा दिवा पाहिला असता, हाच चमत्कार दिसतो.

सावलीत प्रकाश आकाशाच्या सर्व भागांतून येत असल्यामुळे एखादा ओरखडा वेगळा उठून दिसत नाही. पांढऱ्या मोटारीवरही ओरखडे असतातच. परंतु पांढरा रंग स्वतःच पुष्कळ प्रकाश विखुरतो आणि ओरखड्यांचा क्षीण प्रकाश त्यात लोपतो.

रंगावरचे पारदर्शक कवच

हे ओरखडे नेमके कशावर पडतात, हे समजण्यासाठी मोटारीच्या रंगाची रचना पाहिली पाहिजे. मोटारयुगाच्या आरंभी रोगणाचे अनेक हात द्यावे लागत, आणि ते वाळण्यास कित्येक दिवस, कधी कधी आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोजयुक्त जलद वाळणारे लॅकर मोटारींसाठी वापरात आले व हा काळ काही तासांवर आला. त्या काळी रंगद्रव्य बाहेरच्याच थरात असे. अशी मोटार पॉलिश केली की फडक्याला रंग लागे, आणि आपण रंग झिजवीत आहोत हे करणाऱ्यास प्रत्यक्ष दिसे.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ही पद्धत बदलली. आता पत्र्यावर गंजरोधक अस्तर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर रंगहीन राळेचा एक लेप असतो. या लेपास कारखान्यांत ‘क्लिअरकोट’ म्हणतात. मोटारीची चकाकी ती याचीच. त्यात सूर्याचे जंबुपार किरण शोषून घेणारी द्रव्ये मिसळलेली असतात. खालचा रंग फिका पडू नये हे त्यांचे काम. या कवचाची जाडी सामान्यतः ४० ते ५० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे हे सारे कवच एका केसाहूनही पातळ होय. वर्तुळे घडविणारे ओरखडे बहुधा एकदोन मायक्रॉनच खोल असतात. फडक्याला मात्र आता रंग लागत नाही, आणि त्यामुळे काय झिजते आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

धुळीचे दात

हे ओरखडे पाडणारी वस्तू अगदी परिचयाची आहे. धुळीमध्ये गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, सूक्ष्म कण असतात. खनिजांच्या काठिण्याच्या मोस यांच्या मापनश्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक सातवा लागतो. साधी काच व चाकूचे पाते त्याच्या खालीच येतात. मग राळेच्या मऊ लेपाची कथा काय! आपल्याकडे रोज सकाळी कोरड्या फडक्याने मोटार झटकून पुसण्याची रीत आहे. धूळ त्यामुळे निघते हे खरे. परंतु निघताना ती फडक्याखाली दाबली जाऊन कवचावरून फरफटत जाते. फडका कितीही मऊ असला तरी त्यात अडकलेला कण मऊ नसतो. स्वच्छतेची हौस जितकी अधिक, तितके ओरखडेही अधिक, असा विपरीत प्रकार घडतो तो यामुळेच.

झिलई म्हणजे काय?

घासल्याने ओरखडे पडतात. मग घासूनच ते जातात कसे? हा प्रश्न जुना आहे. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात काचेच्या झिलईविषयी लिहिताना असा विचार मांडला की, झिलईची पूडही काचेवर ओरखडेच पाडते. पूड जितकी बारीक, तितके ओरखडे बारीक, आणि अखेर ते डोळ्यांना दिसेनासे होतात. पुढे ब्रिटिश रसायनज्ञ जॉर्ज बेल्बी यांनी वेगळे मत मांडले. घासताना धातूचा वरचा पापुद्रा द्रवासारखा वाहतो आणि ओरखड्यांवर पसरतो, असे ते म्हणत. झिलई केलेला पृष्ठभाग आम्लाने खरवडला असता झाकलेले जुने ओरखडे पुन्हा प्रकट होतात, हे त्यांनी दाखविले. केंब्रिज येथे बाउडेन आणि ह्यूज यांनी १९३७ साली दाखविले की, झिलईच्या कामी पुडीच्या काठिण्यापेक्षा तिचा वितळणबिंदू अधिक महत्त्वाचा ठरू शकतो. पदार्थागणिक या दोन्ही क्रियांचे प्रमाण बदलते. मोटारीवरील कवचाच्या राळेचे रेणू एकमेकांशी जाळ्यासारखे बांधलेले असल्यामुळे ती मेणाप्रमाणे वितळून वाहत नाही. तेथे मुख्यतः न्यूटनचाच मार्ग चालतो.

मोटारीच्या पॉलिशमध्ये बहुधा अल्युमिनियम ऑक्साइडची अत्यंत बारीक पूड असते. प्रथम जाड व मग बारीक अशा क्रमाने ती वापरतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. शेवटच्या पुडीने पडलेले चर याहून पुष्कळ उथळ झाले की ते प्रकाश जाणवण्याइतका विखुरत नाहीत आणि पृष्ठभाग आरशासारखा दिसतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. पॉलिशने ओरखड्याचा खड्डा भरून येत नाही. भोवतालची सारी जमीन खणून खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणावी लागते. दोन मायक्रॉनचा ओरखडा घालवावयाचा, तर सर्व पृष्ठभागावरून दोन मायक्रॉन कवच कायमचे जाते. समजा, कवच ४५ मायक्रॉन आहे आणि दरवर्षी ३ मायक्रॉन झिजविले. पाच वर्षांत त्याचा तिसरा हिस्सा संपतो. जंबुपार किरणांपासूनचे संरक्षण त्याच मानाने घटते, आणि एके दिवशी कवच टवके उडून निघू लागते. मग पुन्हा रंग देण्यावाचून उपाय उरत नाही. कडा व उंचवटे यांवर घर्षणाचा दाब एकवटतो, म्हणून तेथे कवच सर्वांत आधी संपते. यंत्राची चकती एकाच जागी फिरत राहिली, तर उष्णतेनेही इजा होते. नखाला जाणवेल इतका ओरखडा खोल असेल, तर तो पॉलिशने घालविण्याचा नाद सोडावा हे बरे. जाणते कारागीर आरंभीच जाडीमापकाने पत्र्यावरील लेपांची एकूण जाडी मोजतात. आणि काही पुसट ओरखडे मुद्दामच राहू देतात.

मेणाचे कार्य

मेणाचा मार्ग अगदी वेगळा आहे. मोटारीच्या मेणांत मानाचे स्थान आहे ते कार्नोबा मेणास. ब्राझिलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून ते मिळते. त्याचा वितळणबिंदू ८० अंश सेल्सिअसच्या वर असल्यामुळे ते मेणांमध्ये विशेष कठीण समजले जाते.

मेण ओरखड्यांत जाऊन बसते. मेण व राळ यांचे प्रकाशीय गुणधर्म पुष्कळसे सारखे असल्यामुळे दोहोंच्या सीमेवर प्रकाश फारसा वळत नाही, आणि चर असूनही दिसत नाही. घासलेली धुरकट काच पाण्याने ओली केली की आरपार दिसू लागते; त्यातलाच हा प्रकार. पुढे साबण, पाऊस व ऊन यांनी मेण निघून जाते, आणि वर्तुळे पुन्हा दिसू लागतात. ओरखडे मुळात गेलेलेच नसतात.

असे असले तरी मेण निरुपयोगी ठरत नाही. त्याच्या योगाने पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पाणी थेंबांच्या रूपाने ओघळून जाते व घाण घट्ट चिकटत नाही. पुढच्या खेपेस कमी घासावे लागते, हा त्याचा खरा लाभ. कवचातील एक कणही खर्च न करता उन्हातली शोभा काही काळ राखता येते, हा दुसरा.

सौम्य ऊब मिळाली असता आपले बारीक ओरखडे आपणच भरून काढणारे लवचीक कवचही रसायनज्ञांनी तयार केले आहे. जपानच्या निस्सान कंपनीने २००५ साली ते जाहीर केले. परंतु रस्त्यावरील बहुसंख्य मोटारींना हे साधन नाही. त्यांच्या मालकाने धूळ प्रथम भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्यावी. मग साबणाच्या पाण्यात बुडविलेला मऊ फडका हलक्या हाताने फिरवावा, आणि तो दुसऱ्या बादलीतील स्वच्छ पाण्यात वरचेवर खळबळून घ्यावा. जमिनीवर पडलेला फडका धुतल्यावाचून पुन्हा मोटारीला लावू नये. एवढे केले तर पॉलिशची पाळी क्वचितच येईल, आणि केसाहून पातळ असलेले ते कवच मोटारीच्या आयुष्याला पुरेल.