ग्रॅच्युइटी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्रॅच्युइटी म्हणजे सलग सेवेबद्दल नोकरी संपताना मालकाने कर्मचाऱ्याला द्यायची एकरकमी रक्कम. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने भारतातील खासगी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांना हा हक्क मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि या तरतुदी तिच्यात सामावल्या गेल्या. कायदा इतका जुना असूनही त्याविषयीचे गैरसमज आजही अनेकांना हक्काच्या पैशांपासून दूर ठेवतात.

गैरसमज १: ग्रॅच्युइटी ही मालकाने खुशीने दिलेली बक्षिसी आहे.

वस्तुस्थिती: ते कायद्याने बंधनकारक केलेले देणे आहे. कारखाने, खाणी व मळ्यांना आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकानांना व आस्थापनांना ही तरतूद लागू होते. एकदा लागू झाल्यावर पुढे कर्मचाऱ्यांची संख्या दहाच्या खाली गेली, तरी मालकाची जबाबदारी संपत नाही.

गैरसमज २: ती फक्त निवृत्त होताना मिळते, राजीनामा दिला की हक्क जातो.

वस्तुस्थिती: पाच वर्षांची सलग सेवा झाल्यावर राजीनामा देणाऱ्यालाही ग्रॅच्युइटी मिळते. आजारपण, मंजूर रजा, बाळंतपणाची रजा किंवा टाळेबंदी यांमुळे सेवेत खंड पडला असे धरले जात नाही. कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याला कायमचे अपंगत्व आले, तर पाच वर्षांची अट लागू होत नाही. मुदतीच्या करारावर नेमलेल्या कर्मचाऱ्याला नव्या संहितेनुसार एक वर्षाच्या सेवेनंतर, केलेल्या सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते.

गैरसमज ३: पंधरा दिवसांचा पगार म्हणजे मासिक पगाराचा अर्धा भाग.

वस्तुस्थिती: सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळते. त्यासाठी मासिक पगारावर असलेल्यांचा महिना २६ दिवसांचा धरतात, कारण साप्ताहिक सुट्ट्या वगळल्या जातात. शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणायचे. शेवटच्या वर्षातली सेवा सहा महिन्यांहून जास्त असेल, तर ते पूर्ण वर्ष मोजतात.

समजा, एका कर्मचाऱ्याचे शेवटचे वेतन २६,००० रुपये आणि सेवा १२ वर्षे ७ महिने आहे. त्याची सेवा १३ वर्षे धरली जाईल. दिवसाचे वेतन १,००० रुपये, पंधरा दिवसांचे १५,००० आणि तेरा वर्षांचे १,९५,००० रुपये. महिना ३० दिवसांचा धरून हाच हिशेब केला, तर १,६९,००० रुपये येतात. म्हणजे चुकीच्या भागाकाराने कर्मचाऱ्याचे २६,००० रुपये बुडतात.

गैरसमज ४: मूळ पगार कितीही कमी दाखवला, तरी हिशेब त्यावरच होतो.

वस्तुस्थिती: संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे. घरभाडे, प्रवास असे वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. एकूण ४०,००० रुपयांत मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १२,००० आणि असे भत्ते २८,००० असतील, तर निम्म्यावरचे ८,००० वेतनात मिळवून हिशेब २०,००० रुपयांवर करावा लागतो.

गैरसमज ५: नोटीस न देता गेलेल्याची किंवा कामावरून काढलेल्याची ग्रॅच्युइटी मालक अडवू शकतो.

वस्तुस्थिती: ग्रॅच्युइटी जप्त करण्याची कारणे कायद्याने ठरवून दिली आहेत. जाणूनबुजून केलेल्या कृत्यामुळे किंवा निष्काळजीपणामुळे मालमत्तेचे नुकसान झाले आणि त्यासाठी कर्मचाऱ्याला काढले, तर नुकसानीपुरतीच रक्कम कापता येते. दंगा, हिंसाचार किंवा कामावर असताना केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा यासाठी काढले असेल, तर ती अंशतः किंवा पूर्ण जप्त करता येते. नोटिशीचा कालावधी पूर्ण न करणे हे या कारणांत येत नाही.

गैरसमज ६: अर्ज केल्याशिवाय पैसे द्यायची मालकावर सक्ती नाही आणि उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती: कर्मचाऱ्याने अर्ज केला असो वा नसो, रक्कम ठरवून ती लेखी कळवणे हे मालकाचे काम आहे. रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते. कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे नव्हे तर मालकामुळे उशीर झाला, तर त्यावर व्याज द्यावे लागते. रकमेवरून वाद झाला, तर मालकाला मान्य असलेली रक्कम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते आणि निर्णय तो प्राधिकारी देतो.

गैरसमज ७: कितीही वर्षे सेवा केली, तरी रकमेला वरची मर्यादा नाही.

वस्तुस्थिती: खासगी क्षेत्रासाठी कायद्याची कमाल मर्यादा २०१८ पासून २० लाख रुपये आहे. मात्र करारानुसार किंवा स्वेच्छेने मालक त्याहून अधिक देऊ शकतो.

नेमणूकपत्र, दरमहाच्या पगाराच्या पावत्या आणि नामनिर्देशनाच्या अर्जाची प्रत प्रत्येक कर्मचाऱ्याने जपून ठेवावी. मालकानेही दरवर्षी या देण्याची तरतूद हिशेबात करावी. ग्रॅच्युइटी ही वर्षानुवर्षांच्या कष्टाची कमाई आहे, आणि ती वेळेवर व पूर्ण देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.