कुंपणाबाहेरचा हिशेब

गेली पाच-सहा वर्षे हिवाळ्यात एक वेगळाच वर्ग माझ्या वाट्याला येतो. पंचवीस ते पस्तीस वयाची ही मुले-मुली बांधकाम व्यवसायात नोकरी करतात. कोणी बिल्डरच्या कचेरीत प्रकल्पाचे गणित मांडते, कोणी फ्लॅट विकते, कोणी गृहकर्जाची कागदपत्रे तपासते, कोणी वास्तुविशारदाकडे नकाशे काढते. शनिवारी दुपारी त्यांची व्याख्याने होतात. त्यात नगररचनाकार बोलतात, वकील बोलतात, म्हाडातून निवृत्त झालेले अधिकारी बोलतात. मग एके दिवशी मी त्यांना परळ स्थानकाबाहेर भेटतो आणि आम्ही चालत निघतो. ही फेरी मी मुद्दाम कामाच्या दिवशी सकाळी नऊला ठेवतो. रविवारच्या परळला गर्दी नसते, आणि गर्दी हाच आमचा अर्धा विषय असतो.

मी वास्तुविशारद नाही. पदवी वाणिज्य शाखेची. लालबागच्या चाळीत वाढलो. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडिलांची गिरणी पुन्हा का सुरू झाली नाही, या प्रश्नामागे लागून गॅझेटियर, अधिनियम आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली वाचत गेलो, एवढीच माझी पात्रता. या मुलांविषयी सुरुवातीला माझ्या मनात अढी होती. ती घालवली एका मुलीच्या प्रश्नाने. पहिल्याच वर्षी तिने विचारले, "सर, जुन्या भाडेकरूला घर फुकट, बिल्डरला नफा, सरकारचा खर्च शून्य. मग पैसे भरतं कोण?" ती रोज हेच गणित मांडत होती, तरी तिला हा प्रश्न पडला होता. या लेखात त्याचेच उत्तर शोधतो आहे.

पैसे कोणी भरले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा रोगी सापडला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी निदान केले, आणि मुंबईच्या दाट वस्तीकडे पाहण्याची सरकारची नजर बदलली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत आखली. हवा खेळती झाली. पण सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जेवढी घरे पाडली तेवढी बांधली नाहीत. ज्यांची खोली गेली ते शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत शिरले. शहर सुधारण्याची किंमत तेव्हा त्यांनी मोजली.

१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, आले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या होत्या. प्रत्यक्षात सोळा हजारांच्या वर झाल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी, प्रत्येकीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. पैसा कर्जातून आणि कापसाच्या दर गासडीवर लावलेल्या एक रुपया करातून उभा राहिला. म्हणजे या वेळी निदान थोडा भार गिरणगावाला पोसणाऱ्या कापसावर पडला.

तिसरा टप्पा भाडेनियंत्रणाचा. १९४७ च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. लाखो कुटुंबांना त्याने आधार दिला, हे विसरू नये. मात्र इमारत म्हातारी होत गेली आणि भाड्याचा आकडा तिथेच राहिला. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने पागडीवर खोली फिरवली, पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. बेडेकर समितीच्या शिफारशींनंतर १९६९ चा कायदा झाला आणि त्यातून दुरुस्ती मंडळ आले. शहर भागातल्या १९,६४२ इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी मंडळाने घेतली. त्यांतल्या १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. एवढ्या जुन्या घरांना उपकराचा पैसा पुरणे शक्य नव्हते.

मग १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने वेगळीच वाट काढली. सरकारने पैसे द्यायचे नाहीत, चटईक्षेत्र द्यायचे.

मजल्यांचे चलन

चटईक्षेत्र निर्देशांक, ज्याला ही मुले दिवसातून शंभरदा एफएसआय म्हणतात, तो म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल याचे माप. १९९१ मध्ये तो शहर भागात १.३३ आणि उपनगरांत १ होता. उपकरप्राप्त इमारतींना मात्र नियम ३३(७) खाली जास्त मिळू लागला. आज तो ३ आहे, किंवा जुन्या रहिवाशांच्या घरांना लागणारे क्षेत्र आणि त्यावर ५० टक्के प्रोत्साहन, या दोहोंपैकी जे अधिक असेल ते.

'जे अधिक असेल ते' या शब्दांवर मी फेरीत पाच मिनिटे थांबतो. एक सोपा हिशेब करू. आकडे समजुतीपुरते आहेत. भूखंड १,००० चौरस मीटरचा. चाळीत ४० बिऱ्हाडे. प्रत्येकाचे नवे घर भिंतींसह ३५ चौरस मीटर धरले तर जुन्या रहिवाशांना १,४०० लागतील. एफएसआय ३, म्हणून बांधकाम ३,००० पर्यंत. उरलेले १,६०० बिल्डर विकणार. त्या विक्रीतून जुन्यांची घरे, बांधकामाच्या काळातले त्यांचे भाडे, कर्जावरचे व्याज आणि नफा हे सगळे निघायचे.

आता तेवढ्याच भूखंडावर ८० बिऱ्हाडे धरा. रहिवाशांनाच २,८०० लागले. ३,००० मधून विकायला २०० उरतात. त्यात प्रकल्प उभा राहणार नाही. म्हणून नियम म्हणतो, २,८०० वर आणखी १,४०० घ्या. एकूण ४,२००.

म्हणजे चाळ जितकी दाटीची, तितकी तिच्या जागची इमारत उंच. आधीच जास्त माणसे असलेल्या जागी नियमच आणखी माणसे आणतो, आणि ती गाड्यांसह येतात. समोरचा रस्ता, गटार, पाण्याची वाहिनी आणि स्थानकाचा जिना यांना असे प्रोत्साहन मिळत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. जुन्या भाडेकरूच्या घराचे पैसे नवा खरेदीदार भरतो. म्हणूनच जिथे भाव चढे तिथे चाळी भराभर उठतात, आणि अडचणीच्या गल्लीतली इमारत टेकू लावून उभी राहते, मग ती कितीही धोकादायक असो. उरलेले अर्धे उत्तर पाहायला आम्ही पुलाकडे जातो.

पूल

परळ मध्य रेल्वेवर, प्रभादेवी पश्चिम रेल्वेवर. गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगार बहुतेक आसपासच राहायचा आणि पायी पाळीवर जायचा. संपानंतर जमिनी रिकाम्या पडल्या. १९९१ च्या नियमात त्यांचे तीन वाटे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्र विचार करणारा आराखडा मांडला होता. त्याचे पुढे काही झाले नाही. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, म्हणजे सार्वजनिक वाटा फारच आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. त्याआधीच, २००५ मध्ये, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची एकटी मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना विकली गेली होती.

प्रत्येक गिरणीच्या भिंतीआड वेगळे काचेचे जग उभे राहिले. कामाला येणारे लोक आता कल्याणहून, विरारहून येऊ लागले. मध्य रेल्वेने येणारा माणूस परळला उतरून पूल ओलांडून पश्चिमेला जाई. पूल गिरणीच्या काळचाच अरुंद होता. तो रुंद करावा ही मागणी आधीपासून होती. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी जोराचा पाऊस आला, लोक जिन्यावर थबकले, मागून गाड्या माणसे ओततच राहिल्या. २३ जण चेंगरून गेले. पुढच्या फेब्रुवारीत लष्कराने बांधलेला नवा पूल खुला झाला.

इथे मी व्याख्यान देत नाही. मुलांना चार ठिकाणी उभे करतो आणि पंधरा मिनिटे माणसे मोजायला लावतो. मग एकच विचारतो: तुमच्या प्रकल्पाच्या तक्त्यात हा जिना कोणत्या रकान्यात येतो? महापालिका विकास शुल्क घेते, प्रीमियम घेते, हे त्यांना पाठ असते. ते पैसे याच जिन्यापर्यंत पोहोचावेत अशी अट मात्र तक्त्यात नसते. भूखंडाच्या कुंपणाआत एकेक चौरस फूट मोजला जातो. कुंपणाबाहेर मोजमाप संपते. पुढे लोअर परळचा डिलाईल पूलही आम्ही पाहतो. तो जुलै २०१८ मध्ये बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले. तेवढ्या काळात त्याच्या दोन्ही बाजूंची बांधकामे चालूच होती.

चावी मिळाल्यावर

चाळसंस्कृतीचे गोडवे गाण्यात मला रस नाही. रात्री दोन वाजता म्हातारीला धरून गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे नेले आहे, त्याला तो परवडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत, आणि संडास घरात. शंभर वर्षांनी आलेला हा न्याय आहे, असेच मी म्हणेन.

पण चाळीस मजली इमारतीला लिफ्ट लागते, पंप लागतो, आग विझवण्याची यंत्रणा चालू ठेवावी लागते. चाळीचे भाडे शे-दोनशे रुपयांत भागत होते. टॉवरचा मेंटेनन्स दर महिन्याला हजारांत जातो. निवृत्त कामगाराने तो कशातून द्यायचा? काही जण घर भाड्याने देऊन डोंबिवलीला जातात, काही विकून गावी. कागदावर पुनर्वसन शंभर टक्के झालेले असते.

दुसरे दुखणे अर्धवट राहिलेल्या प्रकल्पांचे. आमची फेरी करी रोडजवळच्या एका उपकरप्राप्त चाळीत संपते. तिथल्या एक आजी मुलांना चहा देतात आणि स्वतःच परीक्षा घेतात. "पाणी किती वाजता येणार, लिहिलंय का रे तुमच्या करारात? लिफ्ट बंद पडली तर पैसे कोणाचे? आणि भाडं थांबलं तर आम्ही कुठं जायचं?" दोन वर्षांपूर्वी या तिसऱ्या प्रश्नावर एक मुलगा एकदम म्हणाला, "आमचं थांबलंय, आजी." तो एका कंपनीत फ्लॅट विकण्याचे काम करत होता. त्याच्या आईवडिलांची चाळ दुसऱ्याच कोणी पाडली होती, काम जोत्यापाशी अडकले होते, भाड्याचे धनादेश बंद झाले होते. सात वर्षे ते दिव्याला भाड्याने राहत होते. दिवसभर तो आमच्याबरोबर चालला, पण तोवर कोणाशी बोलला नव्हता. आजींनी त्याच्या हातात दुसरा कप दिला आणि म्हणाल्या, "मग तू तरी विकताना खोटं बोलू नकोस."

संमती द्यायच्या आधी काय पाहावे, याची यादी मी त्या दिवसापासून मुलांकडूनच करून घेतो. भाड्याची रक्कम आगाऊ किंवा बँक हमीत आहे का. जुनी इमारत रिकामी करण्याआधी परवानग्या हातात आहेत का. रहिवाशांची इमारत विक्रीच्या इमारतीआधी उठणार की मागून. मेंटेनन्ससाठी ठेवीची रक्कम किती, आणि तिच्या व्याजात लिफ्ट किती वर्षे चालेल. आज ५१ टक्के रहिवाशांची संमती पुरते; उरलेल्या ४९ टक्क्यांच्या शंका याच असतात.

चालण्याची शाळा

शहर चालत शिकवण्याची कल्पना माझी नाही. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस. हा स्कॉटिश माणूस मुळात वनस्पतिशास्त्राचा. आधी वस्तीचे निदान करा, मग गरजेपुरतीच शस्त्रक्रिया, हे त्यांचे सूत्र; सरळ रेघ ओढून वस्ती कापणाऱ्यांचा त्यांना राग होता. आपले डॉ. गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी, आणि १९२४ मध्ये विभागाची धुरा घुर्यांकडे आली. म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि बीडीडी यांच्या धामधुमीत याच शहरात कोणीतरी सांगत होते की नकाशावर पेन्सिल ठेवण्याआधी गल्लीत जाऊन या.

फेरीने कोणी संत होत नाही. सोमवारी ही मुले त्याच कचेरीत, त्याच तक्त्यापुढे बसतात. विक्री-कार्यालयातल्या काचेच्या पेटीत प्रकल्पाची प्रतिकृती असते. तिच्यात शेजारची चाळ नसते, तिथे हिरवा कागद चिकटवलेला असतो. तरी एक फरक मी पाहिला आहे. पहिला प्रश्न विचारणारी ती मुलगी आता एका कंपनीत बरीच वरच्या जागेवर आहे. तिच्या तक्त्यात शेवटी एक जादा रकाना असतो: जवळच्या स्थानकापर्यंतची वाट, तिची रुंदी, आणि सकाळी नऊ ते दहा त्या वाटेने जाणारी माणसे. तो कोणी मागत नाही. बैठकीत तिला हसतात, असे ती सांगते. पण हसण्याआधी त्यांना तो आकडा वाचावा लागतो.

यंदाच्या तुकडीची फेरी डिसेंबरात आहे. ती आजींच्या चाळीपाशीच संपेल, चाळ तोवर उभी असेल तर.