गोळीने जळजळ थांबते, रोग नाही

अमरावती-अकोल्याकडे पोटात जळजळ झाली की कारण घरातच सापडतं. ठेचा जास्त झाला, जागरण झालं, खर्रा सुटत नाही. मग मेडिकलमधून गॅसची गोळी येते. तिशी-पस्तिशीत हा अंदाज बहुतेकदा खराही ठरतो, म्हणूनच जठराचा कर्करोग या वयात कुणाच्या मनात येत नाही. तो सुरुवातीला वेगळी खूण दाखवत नाही. थोडी जळजळ, अर्ध्या भाकरीत पोट भरणं, कधी तेही नाही. शिवाय आम्ल कमी करणाऱ्या गोळीने कर्करोगाच्या व्रणाचा त्रासही काही काळ शमतो.

हा रोग मुख्यतः उतारवयातला. तरुणांत तो कमी, पण झालाच तर बरेचदा पसरट प्रकारचा. त्यात ठळक गाठ न होता पेशी जठराच्या भिंतीत विखरून शिरतात. काही घराण्यांत तो सीडीएच-१ या जनुकातल्या दोषामुळे येतो. न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांत १९९८ मध्ये हे प्रथम उघड झालं. जवळच्या नात्यात कुणाला कमी वयात हा रोग झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नये.

सर्वांत मोठं कारण मात्र हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये त्यांना व रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे हा संसर्ग सर्रास आहे आणि बहुतेकांना कर्करोग होत नाही. धूम्रपान व फार खारट खाणं धोका वाढवतं.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती तरुण बायांची. हिमोग्लोबिन कमी आलं की खापर पाळीवर फुटतं, लोहाच्या गोळ्या सुरू होतात. त्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं. म्हणजे जठरातून रक्त जात असेल, तर त्याची खूणही झाकली जाते.

रोग अस्तरात किंवा त्याच्या लगतच्या थरात असतानाच सापडला, तर दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. काहींचं तर पोटही उघडावं लागत नाही, दुर्बिणीतूनच तो थर काढता येतो. जपानमध्ये पन्नाशीनंतर यासाठी सरकारी तपासणी होते. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून लक्षणांवरूनच जागं व्हावं लागतं.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होतं. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया तिच्यात बसतात. गोळी बंद करताच त्रास परतत असेल, वजन उतरत असेल, घास अडकत असेल, उलटीत रक्त किंवा शौचाला काळं होत असेल, तर वय न पाहता डॉक्टरांना विचारा: दुर्बिणीतून तपासणी कधी करायची?