ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर आणि महाबळेश्वरची हवा: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७२ मीटर उंचीवर वसलेल्या महाबळेश्वरात, जिथे ऐन मे महिन्यातही आंबेनळी घाटाखालच्या पोलादपूरच्या मानाने हवा कितीतरी सुखद असते, तिथे सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवणाऱ्या आणि त्याचा प्रोसेसर कारखान्याने मुक्रर केलेल्या वेगाहून अधिक वेगाने चालवू पाहणाऱ्या तरुणाची पहिली समजूत अशी असते की, थंड करण्याचे अर्धे काम निसर्गानेच करून दिलेले आहे. ही समजूत सर्वथा खोटी नाही, आणि म्हणूनच ती अधिक फसवी आहे. खोली दहा अंशांनी थंड असली तर, इतर सर्व गोष्टी समान असता, प्रोसेसरही साधारण तितक्याच अंशांनी थंड राहतो, हे खरे. परंतु या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे १५ टक्क्यांनी कमी असल्यामुळे हवा विरळ असते, आणि पंख्याच्या तितक्याच फेऱ्यांत तितक्याच घनफळाची हवा कूलरच्या पात्यांतून गेली तरी उष्णता वाहून नेणारे द्रव्य तिच्यात कमी असते. थंडाव्याने जे दिले त्यातला काही हिस्सा विरळपणा परत घेतो. शिवाय उष्णता हे अस्थिरतेच्या अनेक कारणांपैकी केवळ एक कारण आहे.

प्रोसेसरवर छापलेला वेग ही त्याच्या सामर्थ्याची अखेरची सीमा नसते. तापलेली खोली, व्होल्टेजमधील चढउतार आणि वर्षानुवर्षांच्या वापराने होणारी झीज या सर्वांची तजवीज करून, काही सवड राखून तो वेग ठरवलेला असतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही सवड खर्च करतो. पाच गिगाहर्ट्झवर एका ठोक्याला सेकंदाचा पाच अब्जावा भाग एवढाच अवधी मिळतो, आणि सर्वांत लांबच्या मार्गाने जाणारा संकेत तेवढ्यात स्थिरावला नाही तर पुढच्या पायरीच्या हाती अपुरे उत्तर पडते. १९९८ साली इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन, मदरबोर्डवरील बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ करताच ४५० मेगाहर्ट्झवर बहुधा बिनतक्रार चाले, हा दाखला आजही दिला जातो. पण त्यावरून आजच्या चिपविषयी अनुमान काढणे चुकीचे आहे, कारण हल्ली खुद्द कारखानाच त्या सवडीचा मोठा भाग ‘बूस्ट’च्या रूपाने वापरून टाकतो. जी सवड उरते ती एकाच नमुन्याच्या दोन चिपांतही सारखी नसते, म्हणून मित्राच्या बायोसमधले आकडे आपल्या बायोसमध्ये उतरवून घेण्याला काही आधार नाही.

सर्वांत खोलवर रुजलेला आणि माझ्या मते सर्वांत घातक गैरसमज हा की, यंत्र बंद पडले नाही म्हणजे ते स्थिर आहे. वस्तुतः स्थिरता म्हणजे गणित बरोबर येणे. चुकलेला बिट महत्त्वाच्या पत्त्यात पडला तर निळा पडदा येतो, पण तोच एखाद्या छायाचित्रात, झिप फाइलमध्ये किंवा हिशेबाच्या तक्त्यात पडला तर कोणतीही तक्रार न होता चुकीचे उत्तर डिस्कवर लिहिले जाते आणि पुढे त्याची प्रतही निघते. स्थिरतेच्या परीक्षेसाठी वापरले जाणारे प्राइम९५ हे साधन मुळात जॉर्ज वॉल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या मर्सेन मूळसंख्यांच्या शोधासाठी बनले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे: त्या शोधात एकच आकडेमोड अनेक दिवस अखंड चालते आणि मध्ये एक चूक झाली तर सारे श्रम वाया जातात, म्हणून तो प्रोग्रॅम आपल्या उत्तरांची मधूनमधून खातरजमा करतो आणि राउंडिंगमध्ये मर्यादेबाहेर तफावत आढळताच ते काम थांबवतो. बाकी संगणक सुखेनैव चालू असताना प्राइम९५ने अशी चूक दाखवली, तर ओव्हरक्लॉक अस्थिर आहे हा निवाडा तिथेच झाला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर नावाच्या दप्तरात ‘व्हीया-लॉगर’च्या नावाने १९ क्रमांकाची नोंद सापडली, तर यंत्राने चूक केली आणि स्वतःच सुधारली असे समजावे, यंत्र चालू राहिले असले तरी ती नोंद दुर्लक्षणीय नाही.

याच्या जोडीने दुसरा भ्रम येतो तो असा की, जड काम तासभर सोसले म्हणजे हलके काम सोसणारच. पूर्ण भारात सर्व गाभे (कोअर) मिळून तापतात, तेव्हा प्रोसेसर वेग आवरता घेतो. उलट संगणक जवळजवळ रिकामा असताना एखादाच गाभा क्षणभर अत्युच्च वेगाला उसळतो. रायझेन प्रोसेसरमध्ये ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ने व्होल्टेज कमी केलेल्या संगणकाने रात्रभराची परीक्षा निर्वेध पार पाडावी आणि सकाळी नुसते ब्राउझर उघडताना रीस्टार्ट व्हावे, याचे कारण बहुधा हेच असते. अशा वेळी प्रत्येक गाभ्याची स्वतंत्र परीक्षा घ्यावी लागते.

मग उपाय म्हणून व्होल्टेज वाढवले जाते. थोड्या मर्यादेत ते लागू पडते, कारण व्होल्टेज वाढले की ट्रान्झिस्टर लवकर उलटतात. परंतु खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२० व्होल्टचे १.३२ केले, म्हणजे केवळ दहा टक्के वाढ केली, तर त्याच वेगावर उष्णता सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. तापलेल्या चिपला मग आणखी व्होल्टेज लागते. आणि वाढीव व्होल्टेजने होणारी झीज कायमची असते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही कोलमडत होते. २०२४ च्या जुलैत कंपनीने जाहीर केले की मायक्रोकोडमधील दोषामुळे प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटीची मुदत दोन वर्षांनी वाढवण्यात आली, पण जे प्रोसेसर आधीच झिजले होते ते त्या दुरुस्तीने पूर्ववत झाले नाहीत.

गुन्हेगार चुकीचा पकडला जाणे हेही नेहमीचेच. बायोसमधील एक्सएमपी चालू करणे म्हणजे रॅमवर लिहिलेला वेग मिळवणे, एवढेच अनेकांना वाटते. वास्तविक तेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, कारण रॅमचा नियंत्रक प्रोसेसरच्या पोटात असतो आणि ताण त्याच्यावरही पडतो. तसेच ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसताच एसएमपीएस बदलायला निघू नये. यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, एवढीच जबानी ती नोंद पुढच्या वेळी सुरू होताना देते. का बंद झाले, हे तिला ठाऊक नसते. मात्र पावसाळ्यात दिव्यांची उघडझाप नित्याची असते हे विसरता कामा नये: आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, आणि पूर्ण भारात एसएमपीएस वीज धरून ठेवतो तो अवधी साधारण तेवढाच किंवा त्याहूनही थोडा कमी. रीस्टार्ट आणि दिव्याची उघडझाप एकाच क्षणी होत असेल तर ओव्हरक्लॉकला दोष देण्यापूर्वी यूपीएस लावावा.

दमटपणाविषयीचे भय अर्धवट खरे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची मेघभौतिकी प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरात आहे, ती इथले ढग थेट जमिनीलगत येतात म्हणूनच. आणि तेच ढग आपल्या खोलीतही शिरतात. परंतु चालू संगणकाचा अंतर्भाग खोलीपेक्षा उबदार असल्यामुळे तिथे दव धरत नाही. धोका आहे तो जुलैत आठवडेच्या आठवडे बंद पडून राहिलेल्या यंत्राला: ओल शोषलेली धूळ आणि रॅमच्या गंजू लागलेल्या पट्ट्या यांमुळे मे महिन्यात स्थिर असलेला ओव्हरक्लॉक श्रावणात बिघडतो, आणि मालक व्होल्टेज वाढवत बसतो, वास्तविक रॅम काढून, तिच्या सोनेरी पट्ट्या पुसून पुन्हा नीट बसवणे एवढेच पुरेसे असते. बर्फ किंवा शीतयंत्र वापरून खोलीपेक्षा थंड करण्याचा प्रयोग मात्र इथे पावसाळ्यात मुळीच करू नये. हवा संपृक्ततेच्या काठावर असताना एखाद-दोन अंशांनी थंड झालेल्या पृष्ठभागावरही पाणी धरते.

तपासाचा शिरस्ता यावरून ठरतो. प्रथम बायोस मूळ स्थितीत आणावा, एक्सएमपीसुद्धा बंद करावा, आणि रॅम तपासणारे मेमटेस्ट व प्राइम९५ दोन्ही चालवावेत. मग रॅमचा वेग, नंतर प्रोसेसरचा वेग, शेवटी व्होल्टेज, असे एका वेळी एकच बदलत, प्रत्येक बदल तारखेसह वहीत टिपून पुढे जावे. मूळ स्थितीतही चुका निघत असतील तर ओव्हरक्लॉकचा प्रश्नच उरत नाही: रॅमची एकेक पट्टी वेगळी तपासावी, तीही निर्दोष ठरली तर बायोस अद्ययावत करावा, आणि तरीही चूक राहिली तर प्रोसेसर वॉरंटीत आहे का ते पाहून वहीतील नोंदींसह तक्रार दाखल करावी.