सीमेपलीकडील विषारी टाकाऊ माल

नवापूरच्या रेल्वे स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रांत तर दुसरा गुजराथेंत आहे. सुरत-धुळें रस्ताही येथूनच जातो. सबब सीमा ओलांडणाऱ्या विषारी टाकाऊ मालाचा विचार येथील शेतकऱ्यांनीं करणें अगत्याचें आहे.

श्रीमंत देशांत कायदे कडक होऊन विल्हेवाटीचा खर्च वाढला, तेव्हां असा माल गरीब देशांकडे वळला. त्यास आळा घालण्याकरितां १९८९ सालीं बाझल येथें करार झाला. भारत त्यांत १९९२ सालीं सामील झाला. तरीही वंगणाच्या नांवाखालीं टाकाऊ तेलाचे १३३ कंटेनर न्हावा शेवा बंदरांत आलेच. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं तें तेल आयात करणारांच्या खर्चानें जाळून टाकण्याचा हुकूम दिला.

घाण परक्याच्या दारांत लोटणें स्वस्त पडतें, तोंवर कारखानदार नवी युक्ति शोधीत नाहीं. ती वाट बंद झाली म्हणजेच टाकाऊंतून शिसें, जस्त परत काढण्याची विद्या देशांत वाढते.

२०१६ च्या नियमांप्रमाणें असा माल विल्हेवाटीस परराज्यांत न्यावयाचा तर दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांचा ना-हरकत दाखला लागतो, व गाडीबरोबर चलन असावें लागतें. महसुलाचे कागद पाहण्यांत आमचें आयुष्य गेलें. त्यावरून आम्ही इतकेंच सुचवितों कीं, कोणी भरावासाठीं अगर खत म्हणून राख वा गाळ फुकट देऊं केल्यास प्रथम कागद मागावा. कागद नसल्यास माल उतरूं देऊं नये. मंडळास व तहसीलदारांस लेखी कळवावें. जमिनींत मुरलेलें शिसें नांगरानें निघत नाहीं, आणि सातबारा मात्र आपल्याच नांवें राहतो.