कथा स्पर्धेला पाठवता, पण सही कशावर करता?

व्यापाराच्या पानावर कथेची चर्चा कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. पण मालेगाव, भिवंडीच्या मागांवर, सोलापूरच्या चादरीच्या कारखान्यांत आणि मुंबईच्या पेढ्यांवर लिहिणारी माणसे आहेत. दिवसाचा हिशेब मिटला की ती वही उघडून बसतात. १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली दिवाळी अंकांची प्रथा आजही चालू आहे, आणि अंकांबरोबर कथास्पर्धाही निघतात. गाळा भाड्याने घेताना करारनाम्याची ओळ न् ओळ वाचणारा दुकानदार स्पर्धेच्या अर्जावर मात्र बारीक टायपातले नियम न वाचता सही करतो. नुकसान होते ते तेथे.

कथा ही मिळकत आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे कथा कागदावर उतरली की तिचा हक्क लेखकाचा झाला. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर आणखी ६० वर्षे टिकतो, म्हणजे वारसांच्या हाती जातो. संरक्षण मात्र लिहिलेल्या कथेला आहे, कल्पनेला नाही. दोन भावांच्या वाटणीचे भांडण हा विषय कोणाच्याच मालकीचा नाही. त्यावर तुम्ही लिहिलेली कथा तुमची.

आता मुख्य मुद्दा. गाळ्याचा व्यवहार दोन प्रकारे होतो. खरेदीखत केले की गाळा हातचा गेला. लीव्ह अँड लायसन्स केले की मुदत संपल्यावर तो परत ताब्यात आला. कथेचेही तसेच आहे. हक्काचे हस्तांतरण म्हणजे खरेदीखत, आणि छापण्याची परवानगी म्हणजे लायसन्स. मासिकाला आपली कथा एकदा छापायची असते. त्याला परवानगी पुरते. तरीही काही अर्जांवर 'पाठविलेल्या साहित्याचे सर्व हक्क संयोजकांकडे राहतील' असे एक वाक्य सहज घातलेले असते. हे खरेदीखत आहे, आणि तेही बहुधा फुकटचे. समजा २०० कथा आल्या आणि बक्षिसे तिघांना मिळाली. उरलेल्या १९७ जणांनी एक पैसाही न घेता मालकी लिहून दिली असा त्या वाक्याचा अर्थ होतो. अशी अट घालणे मला गैर वाटते. पण सही आपणच केलेली असते, तेव्हा नंतर भांडणे कठीण जाते.

शिवाय 'सर्व हक्क' ही एकच वस्तू नव्हे. छापण्याचा हक्क, पुन्हा छापण्याचा, भाषांतराचा, नाटकाचा, चित्रपटाचा, आवाजात ध्वनिमुद्रित करण्याचा, असे निरनिराळे हक्क त्यात येतात आणि प्रत्येक वेगळा देता येतो. मराठी कथा उर्दू मासिकात घ्यायची असेल तर भाषांतराची परवानगी निराळी लागते. ती देण्याचा अधिकार तुम्ही आधीच मराठी अंकाला देऊन बसला असाल तर उर्दू संपादक तुमच्याकडे कशाला येईल?

कायद्याने लेखकाची बाजू बरीच सांभाळली आहे. तोंडी बोलण्याने मालकी जात नाही. हस्तांतरण लेखी आणि लेखकाच्या सहीचे असावे लागते. नुसती कथा टपालाने पाठवली म्हणून संपादक तिचा मालक होत नाही. दस्तऐवजात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळे लिहिलेले नसल्यास तो हक्क लेखकाकडे परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक चांगली सोय झाली: करार करतेवेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, ते स्पष्टपणे लिहिल्याखेरीज त्या करारात येत नाही. हे नियम लेखकाने माहीत करून घ्यावेत, कारण समोरचा स्वतःहून सांगणार नाही.

मालकी दिली तरी एक गोष्ट लेखकाकडे उरते. कथेवर आपले नाव असावे आणि तिची आपली प्रतिष्ठा जाईल अशी मोडतोड होऊ नये, हा कलम ५७ चा अधिकार आहे. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी' या कादंबरीचे चित्रपटाचे हक्क दिले होते. चित्रपटात मूळ कृती विकृत झाली अशी तक्रार घेऊन त्या न्यायालयात गेल्या. हक्क विकले तरी लेखकाचा हा विशेष अधिकार शाबूत राहतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली सांगितले.

स्पर्धांची दुसरी अडचण 'अप्रकाशित' या शब्दाची. पहिल्यांदा छापण्याचा हक्क एकदाच वापरता येतो. कथा गावच्या स्मरणिकेत आली, की अप्रकाशित कथाच मागणाऱ्या मोठ्या स्पर्धेचे दार तिला बंद. हल्ली फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपच्या गटांत टाकलेली कथाही अनेक संयोजक प्रकाशित समजतात. म्हणून दोस्तांना वाचायला द्यायची असेल तर छापील प्रत द्यावी. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवणे म्हणजे एकच गाठोडे दोन व्यापाऱ्यांना विकणे. निकाल लांबला तर तारीख घालून 'कथा मागे घेत आहे' असे पत्र पाठवावे, त्याची नक्कल ठेवावी आणि मगच दुसरीकडे पाठवावी.

मासिकाला कथा पाठवताना सोबतच्या पत्रात दोन ओळी पुरेत: 'ही कथा फक्त आपल्या यंदाच्या दिवाळी अंकात एकदा छापण्यासाठी देत आहे. पुनर्मुद्रण, भाषांतर, ध्वनिमुद्रण, चित्रपट व इतर सर्व हक्क माझ्याकडे राखून ठेवले आहेत.' स्पर्धेचे नियम आधीच छापलेले असतात, तेथे अशा पत्राचा भरवसा धरू नये. आधी संयोजकांना विचारावे की हक्क विजेत्या कथांपुरते आणि किती मुदतीसाठी हवेत. 'बक्षीसपात्र कथा एक वर्ष आमच्या अंकात व संग्रहात छापू' ही अट रास्त आहे. उत्तर टाळले गेले तर ती कथा दुसऱ्या स्पर्धेसाठी ठेवावी. मानधन आणि बक्षीस यांतही गल्लत नको. संग्रह निघणार असेल तर त्याचे मानधन किती हे लेखी घ्यावे.

एखाद्या कथेवर चित्रपट किंवा मालिकेची बोलणी सुरू झाली, तर तिची कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करून घेणे बरे. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे आणि वाद झाल्यास हा दाखला प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. कोणी कथा चोरून छापलीच, तर दाव्यासाठी त्या प्रकाशकाच्या गावी खेटे घालण्याची गरज नाही. लेखक जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथील जिल्हा न्यायालयात तो दाखल करता येतो.